कुरकुंभ: सांडपाण्याचा अहवाल येतो, पण माणसांच्या आजाराची नोंद कोण ठेवतंय?

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, ते कुरकुंभ गाव पूर्वी फिरंगाई देवीमुळं ओळखलं जायचं. आता नाव निघालं की आधी एमआयडीसी आठवते. रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने इथं आहेत. सिप्ला, एम्क्युअर अशा मोठ्या औषध कंपन्यांचे प्रकल्प याच वसाहतीत आहेत. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'कुरकुंभ, ता. दौंड' असा पत्ता छापलेला असतो आणि ते पाकीट परदेशातल्या दवाखान्यापर्यंत जातं.

इथं बनलेलं औषध जगाचे आजार बरे करतं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते बनवताना जे पाणी आणि जी हवा बाहेर पडते, त्यानं कुरकुंभ, पांढरेवाडी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या माणसांना काही होतंय का, या प्रश्नाचं उत्तर आजवर भांडणातूनच दिलं गेलंय. गाव म्हणतं, विहिरीचं पाणी बिघडलं, रात्री वासानं डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. समोरून उत्तर येतं, नमुने मर्यादेत आहेत. निवेदन दिलं जातं, पाहणी होते, नमुना नेला जातो. पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा.

या भांडणात दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, हे कुणी लक्षात घेत नाही. अहवाल सांडपाण्याबद्दल असतो आणि तक्रार तब्येतीची असते. सांडपाण्याच्या अहवालातून तब्येतीचं उत्तर निघत नाही. त्यासाठी माणसांचीच नोंद लागते. ती कशी ठेवायची हे शेजारच्या शिरूर तालुक्यात वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय.

नमुन्यात नेमकं काय शोधतात?

कारखान्याच्या सांडपाण्याची नेहमीची तपासणी ठरलेल्या रकान्यांची असते. सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. सीओडी, म्हणजे पाण्यातली रासायनिक घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. बीओडी, म्हणजे जंतूंना ती घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा, नदीत सोडायचं असेल तर ३० आणि जमिनीवर सोडायचं असेल तर १०० च्या आत हवा. शिवाय क्षार, तेल, गाळ वगैरे.

हे आकडे उपयोगाचे आहेत. पण सीओडी म्हणजे उसाचं पोतं न उघडता काट्यावर टाकण्यासारखं आहे. वजन कळतं, आत ऊस आहे की पाचट ते कळत नाही. पाण्यात घाण किती हे सीओडी सांगतो, ती कोणती हे सांगत नाही. औषध आणि रसायन कारखान्यांत टोल्यूइन, मिथेनॉल, मिथिलीन क्लोराइड अशी उडून जाणारी द्रावकं वापरतात. ती ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र लागतं.

गावातल्या तपासणीचंही तसंच. जल जीवन मिशनमधून प्रत्येक गावात महिलांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवलंय. त्यात सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा कळतो. फिल्टरवाल्याकडं असतं तसं टीडीएस मीटर तर आता घरोघरी झालंय. पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो, असं भारतीय मानक सांगतं. पण मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. ३०० टीडीएसच्या पाण्यात द्रावक असलं तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून 'मीटरवर पाणी चांगलं दाखवतंय' हे वाक्य निदान कुरकुंभसारख्या ठिकाणी तरी अर्धवट आहे.

नमुना कसा घेतला यालाही तेवढंच महत्त्व आहे. उडून जाणाऱ्या द्रावकासाठी पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरावं लागतं आणि बर्फात ठेवून न्यावं लागतं. ओढ्याचं पाणी कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत भरून दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत ठेवलं आणि मग प्रयोगशाळेत दिलं, तर जे शोधायचं तेच तोपर्यंत उडून गेलेलं असतं. अहवाल 'आढळले नाही' असा येतो आणि तोच कागद पुढं गावाच्या विरोधात वापरला जातो. आडात आहे, पण पोहराच फुटका, अशी गत होते.

सिंहगड रस्त्यावर उत्तर कसं सापडलं?

आपल्याच जिल्ह्यातलं ताजं उदाहरण बघा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. पायातली ताकद जायची, मग हाताची, काहींना व्हेंटिलेटर लागला. एरवी हा आजार क्वचित दिसणारा, पण पुढच्या काही आठवड्यांत पुणे विभागात दोनशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि काही जण दगावले.

त्यावेळी यंत्रणेनं काय केलं? आधी रुग्ण मोजले. कोणत्या दवाखान्यात किती, ते राहतात कुठं, आजाराआधी जुलाब झाले होते का, पाणी कुठलं प्यायले, हे विचारलं. घरोघरी सर्वेक्षण झालं. रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत गेले. १९५२ मध्ये सुरू झालेली ही संस्था कोरोनामुळं सगळ्यांना माहीत झाली. तिथं काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरमुळं आधी जुलाब होतात आणि त्यानंतर क्वचित काहींना जीबीएस होतो, हे वैद्यकशास्त्राला आधीच माहीत होतं. मग विहिरी, टाक्या, टँकर, खाजगी आरओ केंद्रं तपासली गेली, क्लोरीन वाढवलं गेलं.

इथं क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसं मोजली, मग माणसांचा नमुना घेतला, मग पाण्याकडं गेले. प्रयोगशाळेला नेमका प्रश्न विचारला म्हणून नेमकं उत्तर मिळालं. कुरकुंभला याच्या उलटं होतं. आधी पाणी तपासतात आणि तिथंच थांबतात.

हळू येणारा आजार यंत्रणेला दिसत नाही

जीबीएसनं काही दिवसांत माणूस आडवा केला, म्हणून तो दिसला. रसायनाचा त्रास बहुतेक वेळा असा येत नाही. त्वचेची खाज, कायमचा खोकला, दमा, गर्भपात, मूत्रपिंडाचा विकार, कॅन्सर हे महिन्यांनी आणि वर्षांनी येतात. प्रत्येकाला दुसरीही कारणं असतात. तंबाखू, चुलीचा धूर, शेतातली फवारणी, साखर, वय. त्यामुळं एकट्या रुग्णाकडं बघून 'हा एमआयडीसीचा आजार' असं प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. 'हा एमआयडीसीचा नाही' असंही त्याला म्हणता येणार नाही.

सरकारी यंत्रणेत आजारांची नियमित नोंद होते. उपकेंद्रापासून प्रयोगशाळेपर्यंतची माहिती एका ऑनलाइन प्रणालीवर जाते. पण ही प्रणाली साथीसाठी आहे. ताप, जुलाब, कावीळ, डेंग्यू पकडायला ती चांगली. पांढरेवाडीत पाच वर्षांत दम्याचे रुग्ण किती वाढले, हे सांगणं तिचं काम नाही.

दुसरी अडचण कामगारांची. वसाहतीत कंत्राटी मजूर मोठ्या संख्येनं आहेत. काही आसपासच्या गावांतले, काही मराठवाड्यातले, काही उत्तरेकडून आलेले. तब्येत बिघडली की असा माणूस काम सोडतो आणि गावी जातो. त्याच्याबरोबर त्याचा आजारही तालुक्याबाहेर जातो. मागं राहतात ते धडधाकट. मग पाहणी केली तर 'कामगारांची तब्येत चांगली आहे' असाच निष्कर्ष निघणार. जगभरच्या अभ्यासकांना हा चकवा माहीत आहे. म्हणून ते जे सोडून गेले त्यांचाही माग काढतात.

भोपाळमध्ये काय झालं तेही आठवावं. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, बाधितांचा अभ्यास सुरू केला. तो १९९४ मध्ये थांबला. पर्यावरण आणि आरोग्यावरची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये उभी राहिली ती २०१० मध्ये. मधल्या वर्षांत किती माणसांचा धागा सुटला असेल? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अपघात होण्याआधी गावाच्या तब्येतीची नोंद असेल तरच नंतर फरक दाखवता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या एका रसायन कारखान्याला रात्री आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांनी घरं सोडून रात्र बाहेर काढली. मे २०२० मध्ये पुन्हा एका कारखान्यात मोठी आग लागली. त्या धुरानं कुणाच्या फुप्फुसावर काय परिणाम झाला हे आज सांगायचं, तर आगीच्या आधीचा आकडा लागतो.

औषधाच्या गावाला वेगळा धोका

औषध कारखान्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे आणि तो दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला लगेच समजेल. कांद्यावरच्या फुलकिड्यांना एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की ते लागू पडेनासं होतं. जे किडे तगतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. जंतूंचंही तसंच आहे. प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, थोडा थोडा अंश पाण्यात सतत राहिला, तर त्या औषधाला न जुमानणारे जंतू तिथं पोसले जातात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अभ्यास स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रक्रिया झालेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात ते जेवढं असतं, त्याहून हे जास्त. नेहमीच्या तपासणीत हा रकानाच नव्हता. कुणी मुद्दाम शोधलं म्हणून ते दिसलं.

त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं औषध कारखान्यांसाठी नियमांचा मसुदा काढला. त्यात १२१ प्रतिजैविकांच्या अंशाला सांडपाण्यात मर्यादा घातली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गळल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिजैविकांच्या कारखान्यांतल्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. ती सल्ला म्हणून आहे, सक्ती म्हणून नाही.

पाटनचेरूचं कुरकुंभला चिकटवू नये. कोणत्या कारखान्यात कोणतं औषध बनतं आणि त्याचं पाणी कसं हाताळलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. काही कारखाने पाणी बाहेर न सोडता आतच आटवतात आणि पुन्हा वापरतात. पण ज्या अंशाला कायद्यात मर्यादाच नाही, त्याच्या बाबतीत 'नमुना मर्यादेत आहे' या वाक्याला अर्थ उरत नाही, एवढं तरी समजून घ्यावं. न जुमानणाऱ्या जंतूंमुळं २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे तीन लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासाच्या मांडणीतून निघाला. कारखान्यांचं पाणी हे त्याचं एक कारण. डॉक्टरनं न सांगता मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेला कोर्स आणि गायी-कोंबड्यांना दिलेली प्रतिजैविकं ही दुसरी कारणं. ती आपल्याच हातात आहेत.

वढूला नोंद कशी ठेवतात?

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळं सगळ्यांना माहीत आहे. त्याच गावाची आरोग्य संशोधनात जगभर वेगळी ओळख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकारानं १९७० च्या दशकात तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका करायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट होती. डॉ. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००२ पासून वढूच्या परिसरातल्या २२ गावांत प्रत्येक घराची नोंद ठेवली जाते. कार्यकर्ते ठरावीक महिन्यांनी घरी जातात. कोण जन्मलं, कोण वारलं, कुणाचं लग्न झालं, कोण बाहेरगावी गेलं, कोण नवीन राहायला आलं, हे लिहितात. घरात कुणी वारलं असेल तर शेवटच्या दिवसांत काय त्रास होत होता ते घरच्यांना विचारून लिहून घेतात आणि डॉक्टर त्यावरून मृत्यूचं कारण ठरवतात. पुणे-नगर रस्त्याच्या त्या पट्ट्यात कारखाने वाढले, बाहेरून माणसं आली, चाळी उभ्या राहिल्या. नोंदवहीत तेही टिपलं गेलं.

याचा फायदा काय झाला? लहान मुलांच्या जुलाबावर भारतात बनलेल्या रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी झाली, तेव्हा दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशी तीनच केंद्रं निवडली गेली. ६,७९९ बाळांवर ती चाचणी झाली. पहिल्या दोन वर्षांत रोटाव्हायरसमुळं होणाऱ्या जुलाबाचा जोरदार त्रास निम्म्याहून जास्त कमी झाल्याचं त्यात दिसलं. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. शिरूरच्या आयाबायांनी घरात येणाऱ्या ताईला खरी माहिती दिली, त्याचा उपयोग देशभरातल्या बाळांना झाला.

आणि बार्शीला?

सोलापूर महामार्गानं पुढं गेलं की बार्शीचा फाटा लागतो. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही आहे. देशातली ती या प्रकारची पहिली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत कुणाला कोणता कॅन्सर झाला हे तिथं लिहिलं जातं. कार्यकर्ते वाट बघत बसत नाहीत, गावोगाव जाऊन विचारतात.

अशी नोंद नसली की काय होतं, ते साध्या हिशोबानं कळेल. देशात वर्षाला लाखामागं साधारण १०० नवे कॅन्सर रुग्ण निघतात. खेडेगावांत हा आकडा शहरापेक्षा कमी असतो, पण हिशोबाला १०० धरू. पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला पाच रुग्ण आले. एखाद्या वर्षी आठ निघाले तर गाव घाबरेल, दोन निघाले तर विसरून जाईल. दोन्ही नुसत्या योगायोगानं होऊ शकतं. पण एमआयडीसीभोवतीची दहा गावं, म्हणजे पन्नास हजार माणसं, दहा वर्षं मोजली तर अपेक्षा पाचशेची. तिथं वयाचा हिशोब धरूनही सातशे निघाले, तर त्याला कुणी योगायोग म्हणू शकणार नाही. पाचशेच निघाले, तर गावाच्या मनातली एक भीती कमी होईल. दोन्ही उत्तरं गावाच्या उपयोगाची आहेत.

मग अडतं कुठं?

अडायला कारणं आहेत आणि ती फक्त पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत नाहीत. आसपासच्या गावांतली कितीतरी घरं वसाहतीवर चालतात. कुणाचा पोरगा ऑपरेटर, कुणाचा टँकर, कुणाची कँटीन, कुणी मजूर पुरवतो, कुणी भंगार उचलतो. जमिनीचा भाव हा आणखी वेगळा विषय. 'इथलं पाणी खराब' असा शिक्का बसला तर डेअरीवाला काय म्हणेल, भाजी कोण घेईल, पोरांची लग्नं जमतील का, या शंका खोट्या नाहीत. म्हणून बरेच जण चौकात जे बोलतात ते ग्रामसभेत बोलत नाहीत.

कारखान्यांचीही एक बाजू आहे. सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. सांडपाण्यावर कोट्यवधींचा खर्च करणारे आहेत आणि रात्री ओढ्यात पाणी सोडल्याच्या तक्रारी ज्यांच्यामुळं होतात तेही आहेत. नोंद नसली की दोघंही एकाच मापानं मोजले जातात आणि चांगलं काम करणाऱ्याला त्याचं श्रेय मिळत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एका कारखान्यावर छापा टाकून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, पकडला. देशभर बातमी झाली. त्या वेळी गावाला एक गोष्ट कळून चुकली. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय बनतंय, हे गावाला टीव्हीवरून कळलं. जे बेकायदा होतं ते लपवलं जाणारच. पण जे कायदेशीर बनतं, त्याची तरी यादी गावाकडं आहे का?

आत्ता हातात काय आहे?

पहिली गोष्ट, ती यादी. प्रत्येक कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. कोणता माल, महिन्याला किती, सांडपाणी किती आणि कुठं सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ नुसार या अटींची नोंदवही मंडळानं ठेवायची असते आणि त्या सांडपाण्यानं बाधित होणाऱ्या माणसाला ती बघता येते. बरीच संमतीपत्रं मंडळाच्या वेबसाइटवरही असतात. ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतल्या कारखान्यांची संमतीपत्रं एका फाइलीत लावली, तर प्रयोगशाळेला काय शोधायचं ते सांगता येईल. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून धोकादायक कारखान्यानं आरोग्याच्या धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला द्यायची आहे. नव्या कामगार संहितेतही ही तरतूद कायम आहे.

दुसरी गोष्ट, नमुना. कारखान्याचा कायदेशीर नमुना घेण्याची पद्धत त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये दिलीय. नोटीस द्यायची, समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हीला सील लावायचं, सह्या घ्यायच्या. गावानं स्वतः बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात टिकत नाही, पण तक्रारीला जोर देतं. त्यामुळं ओढ्याचा रंग बदलला की फोटो, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी आणि मंडळाला तेव्हाच कळवावं. विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत देताना बाटली कोणती आणि किती तासांत पोचवायची हे आधी विचारून घ्यावं.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट गावातच पडून आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक तपासणी अर्ज आशाताई भरतात. तंबाखू, दारू, पोटाचा घेर याबरोबरच त्यात विचारलेलं असतं की स्वयंपाकाला इंधन कोणतं आणि धूर, वायू, धुळीच्या कारखान्यात काम करता का. दम लागतो का, खोकला किती दिवसांचा, हेही त्यात आहे. म्हणजे नोंदवहीची सुरुवात झालेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रानं या अर्जांची गावनिहाय बेरीज करावी, माणसांची नावं न घेता फक्त आकडे ग्रामसभेत वाचावेत, असा ठराव करता येतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून दहा वर्षांचे मृत्यू वय आणि कारणासह काढता येतात. वसाहतीला लागून असलेली पाच गावं आणि वसाहतीपासून लांबची, पण शेती-पाणी-राहणी तशीच असलेली पाच गावं, अशी तुलना केली तर पहिला अंदाज येईल.

तो शेवटचा निष्कर्ष नसेल. त्यासाठी शास्त्रज्ञ लागतील. बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, एनआयव्ही आहे, वढूचा अनुभव आहे. पैशाचं म्हटलं तर मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे, असं कायदा सांगतो. त्यातून कमानी, बाकं आणि पाण्याचे फिल्टर येतात. नोंदवहीलाही पैसे येऊ शकतात. मात्र एक अट हवी. पैसे कारखान्यांचे असले तरी नोंद सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या हातात असावी आणि आकडे चांगले निघोत की वाईट, दरवर्षी जाहीर व्हावेत. ज्याच्या पाण्याची तपासणी त्यानंच आकडे ठेवायचे, तर गावाचा त्यावर विश्वास बसणार नाही आणि बसूही नये.

लोकांनाही एक पथ्य पाळावं लागेल. घरी आलेल्या ताईला खरी माहिती द्यायची. तंबाखू लपवायची नाही, फवारणी लपवायची नाही, पोरीला दमा आहे हे सोयरीक मोडेल म्हणून लपवायचं नाही. खोट्या माहितीवर केलेला अभ्यास कारखान्याचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल.

पुढची ग्रामसभा येईल तेव्हा रस्ता, दिवाबत्ती, घरकुल हे विषय असतीलच. त्या पत्रिकेत आणखी दोन ओळी घालायला पैसे लागत नाहीत. एक, हद्दीतल्या सगळ्या कारखान्यांची संमतीपत्रं ग्रामपंचायतीत ठेवावीत. दोन, आशाताईंच्या अर्जांची बेरीज आरोग्य केंद्रानं दर सहा महिन्यांनी वाचून दाखवावी. कुरकुंभ, पांढरेवाडी आणि आसपासच्या गावांनी हे दोन ठराव एकाच महिन्यात केले, तर पुढचं निवेदन नुसतं वासाबद्दल असणार नाही. त्यात आकडे असतील आणि आकड्यांना उत्तर द्यावं लागतं.